छबू, लॅब चालू आहे

छबू, तुझा फ्लेक्स मी उतरवला.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो संस्थेच्या गेटवर लागला होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वर कोपऱ्यात सचिवसाहेब, खाली संचालकांचे चेहरे ओळीनं आणि मधे तू. साहेबांचा फोटो तुझ्याएवढाच मोठा होता, तेही एक वेळ मी चालवून घेतलं असतं. पण त्यांनी तुला गोरी केली होती. उन्हातान्हात वाढलेल्या तुझ्या सावळ्या चेहऱ्यावर कसलासा गुलाबी रंग फासला होता आणि गालावरचा तीळ पुसून टाकला होता. चित्रकलेची बाई आहे मी. कॉम्प्युटरवर काय केलं की माणसाचा असा चेहरा होतो, हे तूच मला शिकवलं होतंस.

मी शिपाईमामांकडं शिडी मागितली. ते म्हणाले, “बाई, साहेबास्नी इचारलं का?”

म्हटलं, “लावताना छबूला विचारलं होतं का?”

मामा आत गेले. शिडी घेऊन आले आणि खाली धरूनही उभे राहिले.

त्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘शांत, संयमी व मनमिळाऊ’. यातलं तू काहीच नव्हतीस. तू भांडकुदळ होतीस. चुकीचं दिसलं की तुझा आवाज चढायचा आणि चढला की लवकर खाली यायचा नाही. माझ्याशीसुद्धा तू भांडलीस, आणि आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही. तू मेलीस म्हणून ते मिटलं असं मी मानणार नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळंच बरोबर होतं, असंही मी म्हणणार नाही. तुला ते आवडलंच नसतं.

सकाळची एसटी आता मला एकटीला लांब वाटते. ढोकीहून कळंबला जायला तेवढाच वेळ लागतो, पण पूर्वी तो पुरायचा नाही. कारखाना सुरू झाला की पुढं उसाच्या ट्रॉल्या, बस त्यांच्या मागं मुंगीच्या चालीनं, आणि आपण दोघी भांडतोय. तू मुलींच्या प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज, मी तिथंच चित्रकला शिकवणारी. मी वयानं मोठी म्हणून तू मला ‘मंगलताई, तुमी’ म्हणायचीस, आणि तसं आदरानं म्हणत म्हणतच मला मूर्खात काढायचीस.

आपल्या लॅबमध्ये पूर्वी जे काही होतं ते पेनड्राइव्हवरून आलेलं होतं. डिझाइनचा प्रोग्रॅम कुणीतरी कुठूनतरी कुलूप तोडून आणलेला. अर्ध्या मशीनवर तो उघडायचा, अर्ध्यांवर उघडता उघडता बंद पडायचा. एकदा एका मुलीची आठवड्याभराची कामं त्यात गेली आणि ती बाकावर डोकं टेकून रडली. त्यानंतर एका कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून तू रीतसर लायसन मिळवलंस. किती अर्ज लिहिलेस, किती फोन केलेस, ते मी शेजारी बसून पाहिलंय. वीस मुलींसाठी वीस जागा. कागदावर अट स्पष्ट होती: फक्त प्रशिक्षणासाठी, फक्त याच लॅबमध्ये.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू बसमध्येच समजावलंस.

“ताई, कोपऱ्यातलं ते मशीन म्हंजी आपला सर्व्हर. त्याला कंडक्टर समजा. बाकीची वीस मशीनं प्रोग्रॅम उघडताना त्याला इचारत्यात, जागा हाय का? त्यानं तिकीट फाडलं की उघडतंय. शिटा वीस, तिकिटं वीस. एकविसावा चढला की खाली उतरवायचा.”

पुढच्या शिटावरचा खरा कंडक्टर मागं वळून हसला होता, आठवतं?

सुरुवातीला तू एकेका मशीनवर बसून तो प्रोग्रॅम टाकत होतीस. चार मशीनं झाल्यावर वैतागलीस. मग काय वाचलंस, कुणाला विचारलंस कोण जाणे, पण एका शनिवारी दुपारी तू सगळ्या मुलींना उभं केलंस आणि सर्व्हरवरून एकदाच तो सोडलास. वायरीतून तो वीसच्या वीस मशीनवर आपोआप चढायला लागला. वीस पडद्यांवर एकाच वेळी तीच निळी पट्टी हळूहळू भरत चालली होती. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तू ओरडलीस, “टाळ्या नका वाजवू, माऊसला हात लावू नका!” तुझे डोळे मात्र भरले होते. मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मशीनना नावंही तूच दिलीस. एकाला ढोकी, एकाला येरमाळा, एकाला परंडा, आणि खिडकीजवळच्याला तुझ्या माहेरचं लोहारा. वर्गात मुली ओरडायच्या, “मॅडम, परंडा बंद पडलं!” आणि तू म्हणायचीस, “परंड्याला जरा दम खाऊ द्या.”

आता आपलं भांडण.

मी म्हणायचे, छबू, स्टँडसमोरच्या एकूण एक दुकानात कुलूप तोडलेला प्रोग्रॅम चालतो. लग्नपत्रिका त्यावर होतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस त्यावर होतात. कुणाचं काय अडलंय? तू म्हणालीस, “आमचे आबा मेंढरं घिऊन लांबलांब जायचे. पण मालकाला इचारल्याबिगर कुणाच्या रानात त्यांनी मेंढरं बसवली न्हाईत. रान मोकळं दिसलं म्हणून आत घालायचं नसतंय.”

“कंपनी म्हणजे काय शेजारच्या शेतकऱ्याचं रान आहे का गं? तिला कळणारसुद्धा नाही.”

“तिला न्हाय कळणार. पोरींना कळतंय की.”

मग मी दुसरीकडून धरलं.  मी विचारलं होतं, कोर्स संपल्यावर काय? या मुली लोहाऱ्याला, ढोकीला आपापल्या घरी जातील. तिथं तुझं हे लायसन त्यांना कोण देणार? ज्या वस्तूला त्या उद्या हात लावू शकणार नाहीत, तिच्यावर तू त्यांचा हात बसवतेस. हा कुठला न्याय? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “त्येचं बघू.” उत्तर नसलं की तू हेच म्हणायचीस.

मग महिन्याभरानं मला वीसही मशीनवर दुसराच एक चित्रांचा प्रोग्रॅम दिसला. कुणीही घरी नेऊन वापरावा असा, मोकळ्या परवानगीचा. मी तुला विचारलं तर म्हणालीस, “डिस्कवर जागा रिकामी व्हती, म्हणून टाकला.” अगं, एकदा तरी म्हणायचं होतंस, ताई, तुमचं अर्धं पटलं. नाही म्हणालीस.

तीन मुलींना जागा मिळाली नाही तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. परीक्षेचा सराव चालू होता. वर्गात वीसच मुली, तरी तिघींच्या पडद्यावर आलं, जागा शिल्लक नाही. तू सर्व्हरवर जाऊन यादी उघडलीस. आपल्या गावांच्या नावांमध्ये तीन अनोळखी नावं बसली होती, नुसती अक्षरं आणि आकडे. तू वायरीचा माग काढत जिन्यानं वर गेलीस. वरच्या मजल्यावर, संस्थेच्या ऑफिसशेजारच्या खोलीत, साहेबांच्या पुतण्यानं तीन मशीनं मांडली होती आणि मुलींच्या लायसनवर निवडणुकीच्या प्रचाराचे फ्लेक्स तयार होत होते.

तू तिथूनच माघारी वळलीस. खाली आलीस आणि सर्व्हरला सांगून टाकलंस, या वीस नावांशिवाय कुणालाही तिकीट द्यायचं नाही. वरची तिन्ही मशीनं जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग बोलावली. सगळा स्टाफ होता. साहेब म्हणाले, “छबूबाई, मशीन संस्थेची, लायसन संस्थेचं. वर चाललं तर तुमचं काय बिघडतंय?”

“लायसन पोरींसाठी आलंय, साहेब. कागदावर लिवलंय तसं. वर तिघं बसले की खाली तीन पोरी उठत्यात.”

“दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“परीक्षा बी दोन महिन्यांवरच हाय.”

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. “कुणाला काही म्हणायचंय?”

मी चहाच्या कपावरची नक्षी बघत होते, छबू. निळी वेल होती. मला सगळं माहीत होतं, लायसनचा कागद मी स्वतः वाचलेला होता, आणि मी कपावरची वेल बघत बसले.

तुला शिवण विभागात पाठवलं. त्या संध्याकाळी मी बसमध्ये चढले तर तू माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होतीस, नेहमीसारखी पिशवी ठेवून. “या ताई,” म्हणालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

शिवण विभागात तू गप्प बसलीस म्हणावं तर तेही नाही. तिथली बंद पडलेली यंत्रं उघडून, तेल घालून, पट्टे बदलून चालू केलीस. इकडं लॅब तू लावून दिलेल्या रीतीनं आपली आपण चालत राहिली. वरच्या तीन मशीनना तिकीट मिळालं नाही आणि तू पासवर्ड दिला नाहीस. साहेबांनी मागितला तेव्हा म्हणालीस, “लेखी मागा, कशासाठी पाह्यजे ते बी लिवा.” लेखी ते कधी मागणार नाहीत, हे तुला माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली तर एकही मशीन चालेना. वीसच्या वीस पडद्यांवर नकार. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली. साहेब लॅबच्या दारात उभे राहून, मुलींच्या देखत म्हणाले, “जाता जाता करून गेली ही बाई. ज्या ताटात खाल्लं त्यातच घाण केली. चोर आहे चोर.”

तुला बोलावलं. तू शिवण विभागातून तशीच आलीस, हाताला तेल. कुणाकडं न बघता सर्व्हरसमोर बसलीस. पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलंस. तिथं तारीख होती, कितीतरी वर्षांपूर्वीची.

“साहेब, ह्येच्या मतं आपला कोर्स अजून सुरूच झालेला न्हाय. मग लायसन कुठनं देणार?”

सुट्टीत मेन स्विच बंद होता. आतला छोटा सेल संपलेला, त्यामुळं मशीन तारीख विसरलं होतं. एवढंच. तू झाकण उघडून तो बटणाएवढा सेल काढलास, मामांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, “घड्याळवाल्याकडं जा, असाच आणा.” मामा आले. तू सेल बसवलास, तारीख लावलीस, सर्व्हर पुन्हा सुरू केलास. एकेक करत गावं जागी झाली. मुली आपापल्या जागी जाऊन बसल्या.

साहेब म्हणाले, “बरं, बरं. उद्यापासून इथंच बसा.”

तू उठलीस. “बसते. पण साहेब, पोरींसमोर चोर म्हणालात. पोरींसमोरच न्हाय म्हणा.”

ते निघून गेले.  ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. म्हणून मी इथं लिहून म्हणते, सगळ्यांना वाचता येईल असं: छबूनं चोरी केली नाही. तिनं चोरी होऊ दिली नाही. खोटं बोलले ते साहेब.

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यानं तुझं शरीर नेलं, त्याला आणखी कागद देऊन मी मान देणार नाही. बार्शीच्या दवाखान्यात तू खाटेवर पडून, आणि मी शेजारी स्टुलावर चित्रकलेची वही घेऊन. तू म्हणालीस, “ताई, लॅब आता तुमी बघायची. तुमाला लिवलेलं ध्यानात राहत न्हाय. चित्र काढा.” मी सर्व्हर काढला, वीस मशीनं काढली, वायरी काढल्या, कुठून काय जातं त्याचे बाण काढले. तू एकेक बाण तपासलास. एक उलटा होता तर वही माझ्या अंगावर टाकलीस. हातात ताकद नव्हती, तरी टाकलीस.

मी लॅबमध्ये काहीतरी बिघडवायचे, पडद्याचा फोटो तुला पाठवायचे आणि तू उत्तर पाठवायचीस: “घाबरू नका. परत वाचा.” कधी नुसतंच: “व्हय, आता बराबर.”

एकदा मी धीर केला. म्हटलं, “छबू, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी…”

तू म्हणालीस, “बॅकअप कुठं ठेवायचा, सांगा बघू.”

मी सांगितलं. तू मान हलवलीस. तो विषय पुन्हा निघाला नाही. तू मला माफ केलंस म्हणून थांबवलंस, की माझी माफी ऐकायची तुझ्यात ताकद नव्हती? मला कळलेलं नाही. हे एक माझ्याकडं असंच राहिलं. राहू दे. माझं मी वागवीन.

दहाव्याला साहेब ढोकीला आले होते. तुझ्या मालकांना भेटले, हात जोडले, दोन शब्द बोलले. मग मला मांडवाबाहेर बाजूला घेतलं.

“मंगलबाई, तो लॅबचा पासवर्ड तेवढा तुमच्याकडं दिलाय म्हणे तिनं.”

“दिलाय.”

“मग सांगून टाका. म्हणजे काम अडायला नको.”

“कुणाचं काम, साहेब? मुलींचं अडलेलं नाही.”

“तुम्ही चित्रकलेच्या बाई आहात. तुम्हाला कशाला हा व्याप?”

आत तुझा फोटो होता, खराखुरा, तीळ असलेला.  मी म्हणाले, “हो, चित्रकलेची आहे. म्हणूनच रेघ कुठं मारायची ते मला कळतं. पासवर्ड मिळणार नाही.”

त्या मीटिंगमध्ये मला जे बोलायचं होतं, ते मी तुझ्या दारात बोलले. तुला ऐकू जायला उशीर झाला होता. त्यांना मात्र ऐकू गेलं.

आठवड्यात कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेच्या मालमत्तेची माहिती दडवून ठेवल्याबद्दल. मी तीन ओळींत उत्तर दिलं. लायसन मुलींच्या प्रशिक्षणासाठी आहे. वीस मशीनची यादी सोबत जोडली आहे. ज्यांनी लायसन दिलं त्यांची लेखी परवानगी आणा, मी पासवर्ड देते. आणि त्या उत्तराची एक प्रत, अटींच्या कागदासकट, निधी देणाऱ्या कंपनीला पोस्टानं पाठवली. पोस्टातल्या बाईनं पोच दिली तेव्हा मला वाटलं, हे मी तू असताना करायला हवं होतं. मग वाटलं, ताई, मी असताना न्हाय केलंत, आता तरी करा, रडत बसू नका. हे तुझ्याच आवाजात ऐकू आलं.

नोटिशीवर पुढं काही झालेलं नाही. कदाचित मलाही शिवण विभागात पाठवतील. मला शिवता येतं.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. आठवड्यातला एक दिवस आता मी मुलींना तो मोकळ्या परवानगीचा प्रोग्रॅम शिकवते, घरी नेता येणारा. बाकीचे दिवस तुझा. तू म्हणशील, दोन्हीकडं हात बसणार न्हाय पोरींचा. बसेल. भांडायचं असेल तर भांड.

काल नव्या बॅचसाठी लायसनच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळीकडं चढवायची होती. पहिल्यांदा तुझ्याशिवाय. मी वही समोर ठेवली, सर्व्हर तपासला, तारीख तपासली, मुलींना मशीनपासून लांब उभं केलं आणि सोडलं. पट्ट्या भरत गेल्या. एकोणीस मशीनं उघडली. विसाव्यावर लाल अक्षरं आली.

नव्या बॅचमधली सुवर्णा म्हणून एक मुलगी आहे. ती हळूच म्हणाली, “छबू मॅडम असत्या तर…”

“असत्या तर ओरडल्या असत्या,” मी म्हणाले. “खुर्ची ओढ. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच.”

ती अडखळत वाचत होती आणि मी एकेक शब्द वहीत उतरवून घेत होते. बाकीच्या मुली भोवती जमल्या. एक म्हणाली वायर बघू या, दुसरी खाली वाकून वायर बघायलाही लागली. आम्हाला काही सापडेना. आम्ही पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.

तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले. आपल्याकडं साहेब आले की सगळ्यांनी उठायचं असतं.

मी उठले नाही. मुलीही उठल्या नाहीत. त्यांचे हात कामात होते.